विमलताई, मीटरचा ठराव मंजूर झाला

विमलताई,

मीटरचा ठराव काल मंजूर झाला. बाजूने एकतीस, विरोधात नऊ. आपल्या सोसायटीच्या सभेला चाळीस घरांतली माणसं आली, हे याआधी कधी झालं नव्हतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पाण्यासाठी आले बघ. तुझ्या रंगकामाच्या कोटेशनला कुत्रं आलं नव्हतं."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. "झालं ना एकदाचं तुझ्या मनासारखं," असं म्हणून ह्यांनी बातम्या लावल्या. त्यांचं काही चुकलं नाही. कितीतरी वर्षं मी घरात मीटर मीटर करत आलेय. पण मी जिंकले, हे ज्या माणसाला जाऊन सांगण्यात अर्थ होता ते माणूस समोरच्या दाराआड राहायचं, आणि त्या दाराला आता तुझ्या मुलानं आणलेलं नवं कुलूप आहे.

तुझ्या संघटनेतल्या बायकांनी मला दोन पानं लिहून मागितली आहेत. तुझा जन्म, गाव, चाकणच्या कंपनीतली नोकरी, गेटसभा, कंपनीनं दिलेल्या नोटिसा, हे सगळं त्यांच्याजवळ आहे आणि ते त्याच छापणार आहेत. मला म्हणाल्या, तुम्ही शेजारीण या नात्यानं लिहा. शेजारीण या नात्यानं मला एकच गोष्ट नीट ठाऊक आहे, ती म्हणजे आपलं भांडण. तू जाऊन महिना होत आला तरी ते मिटलेलं नाही. म्हणून तेच लिहिते.

भांडण पाण्याचं होतं. चिखलीत राहणाऱ्या कोणाला हे सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. महापालिकेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते पुरत नाही, आणि उन्हाळा लागला की टँकर सुरू होतात. आपल्याकडे पाण्याचा सगळा खर्च एकत्र करून अट्ठेचाळीस फ्लॅटांत सारखा वाटायची पद्धत. तू एकटी राहायचीस, सकाळी सातच्या कंपनीच्या बसनं जायचीस ती दिवेलागणीला यायचीस. तुझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये सात माणसं आणि एक सदा चालू असलेलं वॉशिंग मशीन. दोघांचा वाटा सारखाच. मी तळवड्याच्या एका छोट्या प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, अकाउंट्स बघते. ज्यानं जेवढं वापरलं तेवढं त्याच्या नावावर पडलं नाही की मला अन्न गोड लागत नाही. सोसायटीची खजिनदार झाल्यावर मी पहिल्यांदा हाच विषय काढला, की प्रत्येक घराला मीटर बसवू.

आणि पहिला विरोध तू केलास. जिचा सगळ्यात जास्त फायदा होणार होता तिनं.

"ताई, तुझे पैसे दुसरे वापरतात," मी म्हणाले.

"वापरू दे की. सात माणसं हायेत. त्यांना लागतं."

"लागतं त्यापेक्षा जास्त वापरतात. फुकट म्हटलं की माणूस जास्तच घेतो. स्वभाव आहे माणसाचा."

तू त्या दिवशी माझ्या ओट्याजवळ लसूण सोलत उभी होतीस. दर रविवारी सकाळी आपला लसूण घेऊन माझ्याकडे यायचीस, का ते मी कधी विचारलं नाही. एकटीला कितीसा लसूण लागतो. तू हातातली पाकळी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "स्वभाव. हा शब्द आमच्या एचआरवाल्या साहेबाच्या तोंडात लई असतो. तू कुठून उचललास?"

तिथून सुरू झालं. तू समाजवादी होतीस, हे तू स्वतःच सांगायचीस. दुसरं कोणी आपण शाकाहारी आहोत असं सांगतं तितक्या साधेपणानं. मी राजकारणातली नाही. माझं म्हणणं एवढंच की समाजवाद कागदावर चांगला आहे, पण तो ज्या माणसांसाठी लिहिला ती माणसं कागदावरचीच असली पाहिजेत. खरा माणूस आपलं आधी बघतो. मी तेवीस वर्षं लोकांची प्रवासभत्त्याची बिलं तपासते आहे, मला माणूस माहीत आहे.

तुझं उत्तर मला अजून पाठ आहे. "मग मला सांग माय, आपलं आपलं बघणं इतकं स्वभावातच असतं तर आमच्या लाइनला दोन सुपरवायझर कशाला? वर क्यामेरे कशाला? पंचिंग कशाला? इन्सेंटिव्हचं गाजर कशाला? ह्यांचा बाजार तर म्हणे स्वभावावर चालतो. मग तो चालवायला एवढी माणसं का उभी करायला लागतात?"

मी म्हणाले, "दोन्हीकडे पहारा लागतो, एवढंच यातून सिद्ध होतं."

"बरं," तू म्हणालीस, "म्हणजे बरोबरी झाली. आता चहा ठेव."

पंप जळाला तो उन्हाळा तुला आठवत असेल. टाकीवर पाणी चढेना, म्हणून पार्किंगमध्ये मोठी सिंटेक्स ठेवून टँकर तिच्यात रिकामा करायचा आणि प्रत्येकानं खाली येऊन पाणी न्यायचं असं ठरलं. घरटी दहा बादल्या. मी म्हणाले वॉचमनला वही देऊन बसवू, तो टिक करेल. तू म्हणालीस, कोणी उभं राहायचं नाही, फक्त दहा बादल्या असा कागद लाव. समितीनं तुझं ऐकलं, कारण वॉचमन दुपारी जागेवर नसायचा.

पहिल्या दिवशी सी विंगच्या चार घरांपर्यंत पाणी पोचलंच नाही. शेवटी नळाला तोंड लावून बघणाऱ्या जोशीकाकूंचा चेहरा मला आठवतो. मी तुझ्याकडे फक्त पाहिलं. संध्याकाळी तू तिन्ही विंगांचे जिने चढलीस आणि दारोदार सांगून आलीस, की चार घरांना आज मिळालं नाही. कोणी जास्त नेलं हे विचारलं नाहीस. नुसतं तेवढंच सांगितलंस आणि पुढच्या दारी गेलीस.

दुसऱ्या दिवशी पाणी उरलं. थोडंथोडकं नव्हे, पाव टाकी. एकेक जण सहा, सात बादल्या नेऊन वर गेला, आपल्यामुळे कोणाचं कमी पडायला नको म्हणून. टँकरवाला दुसरी खेप घेऊन आला आणि मला म्हणाला, "मॅडम, ही रिकामी नाही तर ओतू कुठं? माझ्या डोक्यावर?" मग तू परत जिने चढलीस. "घ्या की हो, लाजता कशाला. कमी नेऊन पण पंचाईत करायलात." आपण दोघी त्या टाकीला टेकून इतक्या हसलो की टँकरवाला बिडी विझवून बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी जवळपास बरोबर झालं. चौथ्या दिवशी पंप दुरुस्त झाला.

मी तुला म्हणाले, तीन दिवसांच्या नोंदीवरून काही सिद्ध होत नाही. पहिल्या दिवशी हाव, दुसऱ्या दिवशी लाज, तिसऱ्या दिवशी योगायोग. तू म्हणालीस, "पहिल्या दिवशी माहीत नव्हतं, दुसऱ्या दिवशी कळलं, तिसऱ्या दिवशी जमलं. एवढ्या लवकर तर स्वयंपाक पण जमत नाही."

तुझ्या गावचं तू मला एकदाच सांगितलंस. परभणीकडचं ते गाव, नाव मी इथं लिहीत नाही, तू कधी घ्यायची नाहीस. तू चार-पाच वर्षांची असताना पाटलाच्या घरची तुझ्याच वयाची मुलगी विहिरीवर तुझ्याशी खेळायची आणि तिच्या कळशीतलं पाणी तुझ्या ओंजळीत ओतायची. मग एक दिवस तिला घरच्यांनी मारलं. दुसऱ्या दिवशीही ती पाणी घेऊन आली, म्हणून पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा ती आली नाही.

"तू म्हणतेस वाटून घेणं माणसाला शिकवायला लागतं," तू म्हणालीस. "लागतं. खरं हाय. पण न वाटणं पण शिकवायलाच लागतं सुनीता. तिला दोनदा मारायला लागलं."

मी त्यावर काय बोलले ते मला आठवतं. मी म्हणाले, एका मुलीवरून सगळ्या माणसांबद्दल बोलता येत नाही. ते वाक्य चूक नव्हतं. आजही नाही. पण तू लसणाची सालं गोळा करून घेतलीस आणि त्या रविवारी लवकर गेलीस.

तुझ्या बाजूचंच सगळं लिहिलं तर तुलाही आवडणार नाही. मागच्या वर्षी कंपनीतल्या कंत्राटी मुलींसाठी तू जे केलंस, त्याचंही लिहायला हवं. कुरुळीत एकेका खोलीत सहा-सहा जणी राहणाऱ्या त्या पोरी, काम तुमच्याइतकंच, पगार अर्ध्याहून कमी. कराराची बोलणी चालू होती. तुझं म्हणणं होतं की कायम कामगारांनी आपल्या वाढीतला थोडा भाग सोडावा आणि त्या पोरींना कँटीन आणि बस मिळवून द्यावी. ज्या बायकांसाठी तू गेटवर उन्हात उभी राहिली होतीस, त्यांनीच हात वर केले नाहीत. एक जण तुला म्हणाली, "ताई, तुमची पोरं मार्गाला लागली. आमचे हप्ते चालू आहेत."

त्या रविवारी तू लसूण आणला नाहीस. बसलीस आणि नुसती ओट्याकडे बघत राहिलीस. मी "बघ, स्वभाव" असं म्हणाले नाही. पण मनात ते आलं होतं आणि तुला ते दिसलं, कारण तू म्हणालीस, "म्हण की. कशाला गिळायलीस."

"मला म्हणायचं नाही."

"त्या वाईट नाहीत ग. घाबरल्यात. घाबरलेलं माणूस बघून माणसाचा स्वभाव कसा ठरवणार? बुडणाऱ्या माणसाला बघून म्हणशील का, की माणसाचा स्वभाव दुसऱ्याच्या गळ्याला मिठी मारायचा?"

मी म्हणाले, "ताई, सगळे कायमच थोडेफार बुडत असतात. त्या माणसांना घेऊनच तुला ते करायचंय."

तू म्हणालीस, "ते मात्र तू बरोबर बोललीस." इतक्या वर्षांत तू मला बरोबर म्हणालीस ती तेवढीच वेळ, आणि मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही. मी तुला समजवायला गेले, की तू तशी नाहीस ना, तू तर स्वतःचं नुकसान करून घेतेस, तू अपवाद आहेस. तर तू चिडलीस. तुला त्या दिवशी इतर कशाचा नाही, त्या शब्दाचा राग आला.

"मला अपवाद म्हणू नको. चांगलं म्हणून बाजूला काढायची ती रीत हाय. अपवाद म्हटलं की माणूस एकटं पडतं, आणि बाकीचे मोकळे होतात."

या हिवाळ्यात शेवटी आपली तडजोड झाली. मीटर बसवायचे, पण दोन महिने त्यावर बिल काढायचं नाही. नुसतं मोजायचं. ही तुझी अट. दुसरी अट, कोणाचा आकडा कोणाला कळता कामा नये. दर रविवारी मी गच्चीवर जाऊन आकडे घेतले आणि प्रत्येक घराच्या दाराखालून एक चिठ्ठी सरकवली. तुमचा वापर इतका, सोसायटीची सरासरी इतकी. बाकी एक अक्षर नाही.

दोन महिन्यांत एकूण वापर जवळजवळ पाचव्या हिश्शानं उतरला. एका पैशाचं बिल न काढता.

मी एकूण वापराचे आकडे घेऊनच तुझ्याकडे आले. "बघ, मीटर लागलं की माणूस सरळ होतो." तू त्याच क्षणाला म्हणत होतीस, "बघ, नुसतं सांगितलं तरी माणूस कमी घेतो." आकडा एकच. आपण दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. माझं म्हणणं, पुढे बिल लागणार हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणून आधीच हात आखडला. तुझं म्हणणं, इतरांपेक्षा आपण दुप्पट वापरतो हे पहिल्यांदा कळलं, तेवढं पुरलं. आणि एकाच घराचा वापर चिठ्ठ्या मिळाल्यावर वाढला होता, ते घर तुझं. "सरासरी बघितली आणि वाटलं, मी उगीच कंजूषपणा करायले," तू म्हणालीस. "परवा चादरी धुतल्या मनसोक्त."

मग माझ्या डोक्यात आलं की हे ठरवता येईल. अजून दोन महिने घ्यायचे. सगळ्यांना लेखी कळवायचं, की बिल मीटरवर कधीही काढलं जाणार नाही, तो विचार सोडला. चिठ्ठ्या मात्र चालू ठेवायच्या. वापर परत चढला तर मी बरोबर, खालीच राहिला तर तू. तुला ते इतकं आवडलं की तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. "ही खरी हिशेबाची बाई. जे निघेल ते मी मानीन. तू पण मानायचं." मी हो म्हणाले. अशी कबुली मी आजवर कोणाला दिलेली नाही. होळीनंतर सुरू करू असं ठरलं.

होळीच्या आधीच्या आठवड्यात तू गेलीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी आले होते. कुरुळीच्या त्या पोरी आल्या होत्या, ज्यांनी हात वर केले नाहीत त्याही आल्या होत्या, आणि त्याच सगळ्यात जास्त रडत होत्या. तुझ्याबद्दल सगळे चांगलं बोलले. बोलणारा प्रत्येक जण कुठेतरी म्हणत होता, की अशी माणसं आता होत नाहीत. मला उठून सांगावंसं वाटलं की तिला हे वाक्य चालत नसे. पण मी शेजारीण, आणि तिथं फारसं कोणी मला ओळखत नव्हतं.

आपल्या प्रयोगाचं मी समितीपुढे काढलं. अध्यक्ष पवार म्हणाले, "मॅडम, उन्हाळा तोंडावर आहे, टँकरचे दर वाढलेत. आता कसले प्रयोग? मीटर लागलेत, ठराव करून टाकू. तुमचीच तर मागणी होती." माझीच होती. विषयपत्रिका मीच लिहिली, नोटीस मीच लावली.

गच्चीवरचे आकडे मी अजूनही रविवारी घेते. तुझ्या मीटरचा आकडा आता मी न बघताच लिहू शकते. तरी बघते. न बघता लिहिलेला आकडा मला चालत नाही.

आता कालचं सांगते.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मी ठराव वाचला, पवारांनी अनुमोदन दिलं. मग मी रीतीप्रमाणे विचारलं, "विरोधात कोणाला बोलायचंय?" कोणी बोललं नाही. ज्यांनी तुला वेळोवेळी सांगितलं होतं की ताई आम्ही तुमच्या बाजूनं, ती माणसंही मोबाइलमध्ये बघत होती. मी त्यांना दोष देत नाही. ती तुझ्या बाजूनं होती, तुझ्या म्हणण्याच्या नव्हे.

पवार म्हणाले, "चला, घ्या मतं."

मी म्हणाले, "थांबा. विरोधी बाजू मांडली गेलेली नाही."

"अहो, विरोध असेल तर मांडणार ना?"

"होता. मांडणारी हजर नाही. मी मांडते."

मागून कोणीतरी हसलं. पवार म्हणाले, "मॅडम, ठराव तुम्हीच मांडलाय. स्वतःशीच भांडणार का?"

"हो," मी म्हणाले, आणि उभीच राहिले.

मी नीट बोलले नाही, ताई. तुझं बोलणं माझ्या तोंडातून ऑडिटच्या शेऱ्यासारखं निघत होतं. मुद्दा एक, मुद्दा दोन. पंप जळाला त्या उन्हाळ्याचं सांगितलं, तिसऱ्या दिवशी बरोबर झालं होतं तेही सांगितलं. दोन महिन्यांत बिलाशिवाय वापर उतरला, हे सांगितलं. मग म्हणाले, आपण बिल लावलं की एक गोष्ट आपल्याला कधीच कळणार नाही. पैसे न लावता ही माणसं नीट वागली असती की नाही. आज उत्तर मिळू शकतं. उद्यापासून मिळणार नाही, कारण उद्यापासून जो कमी वापरेल तो पैशासाठी कमी वापरतोय असंच सगळे धरून चालतील. तो स्वतःसुद्धा तसंच धरेल. म्हणून मी दोन महिने मागते.

तुझ्या वरच्या फ्लॅटमधल्या, सात माणसांच्या घरातल्या शिर्केबाई म्हणाल्या, "मला चिठ्ठी आली तेव्हा आम्ही मशीन एक दिवसाआड केलं. बिलाचं डोक्यातपण नव्हतं. लाज वाटली, विमलताई खाली राहतात म्हणून." एवढं बोलून त्या बसल्या. मला वाटलं, आता कोणी तरी आणखी बोलेल.

पवार बोलले. अगदी शांतपणे बोलले, वाईट माणूस नाही तो. "विमलताईंची गोष्टच वेगळी होती हो. ताई म्हणजे अपवाद. त्या असतील तोवर हे चालतं. पण शेवटी माणसाचा स्वभाव असतो मॅडम. फुकट म्हटलं की माणूस जास्तच घेतो."

माझंच वाक्य. शब्दसुद्धा तेच. ते बरोबर आहे असं मी इतकी वर्षं म्हणत होते, आणि काल पहिल्यांदा ते समोरून ऐकलं. ते ऐकायला फार सोपं होतं. चाळीस माणसं एका क्षणात सुटली. कोणाला काही करायला नको, कोणाला काही सिद्ध करायला नको. तुला बाजूला काढलं की झालं.

मी म्हणाले, "त्यांना अपवाद म्हणू नका. त्या होत्या तेव्हाच तीन घरांचा वापर त्यांच्यापेक्षा कमी झाला होता. त्यांच्या शेवटच्या महिन्याचे आकडे आहेत माझ्याकडे."

"कोणाची घरं?" दोघं-तिघं एकदम म्हणाले.

"ते सांगणार नाही. तशी अट होती."

मग कुजबुज झाली, ही कुठली अट, यादी बोर्डावर लावा, पारदर्शकता पाहिजे. मतदान झालं. दोन महिन्यांच्या मुदतीसह नऊ, मुदतीशिवाय एकतीस. यादी बोर्डावर लावायचा मुद्दा मी पुढच्या सभेवर ढकलला आहे. यादी मी तिथंही लावू देणार नाही. राजीनामा द्यावा लागला तरी.

तुझ्याशी खोटं बोलून उपयोग नाही, म्हणून सांगते. माझा हात एकतिसांत आहे. आधी दोन महिने मागितले आणि मग मुदतीशिवाय मीटरला मत दिलं. शिर्केबाई वळून माझ्याकडे बघत राहिल्या. पण मी मागितलं ते तुझ्या वतीनं होतं, मत माझं होतं. मला अजूनही वाटतं की वापरेल त्यानं भरावं. तुझ्या प्रेमापोटी मी हात इकडचा तिकडे केला असता तर तूच मला विचारलं असतंस, "आकडा बदलला का तुझा? मग?" तुझ्या म्हणण्याला मत मिळवून देता आलं असतं तर मला आवडलं असतं. पण मला पटलेलं नाही. पटवून द्यायला तू हवी होतीस, आणि मला वाटतं आणखी चार-पाच रविवारांत तू पटवलं असतंस. हे मी तू असताना तुला सांगितलं नाही.

मत झाल्यावर दोन मिनिटांत सगळे वर गेले. लिफ्टपाशी रांग लागली होती. खाली पंचेचाळीस खुर्च्या आणि मी. एरवी सभा संपली की तू बोलता बोलता दोन खुर्च्या उचलायचीस आणि तुझ्याशी बोलणारा माणूस त्याच्या नकळत दोन उचलायचा. पाच मिनिटांत पार्किंग मोकळं व्हायचं. तू कोणाला सांगताना मी पाहिलं नाही.

मीही तसंच केलं. चार-चार खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी नेऊ लागले. लिफ्टच्या रांगेतल्या माणसांना मी दिसत होते. कोणी आलं नाही. दोन खेपा झाल्या, तीन झाल्या. मला वाटलं, घे, हेही उत्तर मिळालं. आणि ते उत्तर माझ्या बाजूचं होतं, तरी मला रडू यायला लागलं.

मग मी हाक मारली. "अहो पवार, खुर्च्या राहिल्यात."

पवार रांग सोडून आले. त्यांच्यामागे शिर्केबाई, बी विंगचे दोघं. कोणी कुरकुरलं नाही. पवारांनी तर सहा-सहा उचलल्या, वर मला म्हणाले, "तुम्ही कशाला उचलताय मॅडम, सांगायचं ना. माणूस कोणी सांगितलं तर नाही म्हणतं का?" पाच मिनिटांत सगळं आवरलं. पवार हात झटकत, लेकीच्या अकरावीच्या ॲडमिशनचं सांगत लिफ्टकडे गेले.

ताई, सभेत माझं वाक्य बोललेले पवार आता तुझं बोलून गेले, आणि ते त्यांना कळलं नाही. मी तिथं पार्किंगमध्ये उभी राहून हसले. मग आजूबाजूला पाहिलं. हसण्यासारखं काय घडलं हे जिला कळलं असतं असं दुसरं कोणी तिथं नव्हतं.

तुझी,
सुनीता